उभ्या गाडीची एकशे चार मिनिटं

आमची गाडी आरेच्या रस्त्यात बंद पडली तेव्हा ती माझे सासरे, नाना, चालवत होते. पण तिची वाट मी आदल्या संध्याकाळीच लावून ठेवली होती, आणि हे फक्त मला माहीत होतं.

अंधेरीचं ऑफिस आटपून मी कांदिवलीला बिल्डिंगमध्ये पोचते साडेसातला आणि घरात शिरते साडेनऊला. मधले दोन तास हायवेच्या ट्रॅफिकच्या नावावर खपतात. मुंबईत ट्रॅफिकवर कुणी शंका घेत नाही. खरं तर मी खाली पार्किंगमध्येच, खांबाआड, एसी लावून, डोळे मिटून बसलेली असते. वर हॉलमध्ये नवऱ्याचे, सुशांतचे, अमेरिकेचे कॉल. बेडरूममध्ये मुलीची, प्रांजलची, बारावी. उरलं किचन, ते माझं. गाडीत बसलं की ‘जेवायला काय आहे’ असं कुणी विचारत नाही. मी थकलेय, बाकी काही कारण नाही.

सोमवारी तिथेच डोळा लागला. जाग आली तेव्हा समोर लाल दिवा पेटला होता आणि बॉनेटमधून वाफ येत होती. गाडी बंद केली, वर गेले, पोळ्या लाटल्या. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी मी उठायच्या आत नाना किल्ली घेऊन गेलेसुद्धा.

नानांनी चौतीस वर्षं बस चालवली. आता पंचाहत्तरीला रोज सकाळी, मी ऑफिसला गाडी काढायच्या आत, आरेत जातात, झाडाखाली कटिंग चहा पितात आणि परत येतात. जाऊन-येऊन चाळीस मिनिटांचं ड्रायव्हिंग. बाकीचा दिवस त्यावरच निघतो.

मंगळवारी दुपारी आम्ही तिघं जोगेश्वरीला वॉरेनच्या गॅरेजमध्ये उभे होतो. सुशांत रजा टाकून आलेला, म्हणून आणखी वैतागलेला.

"नाना, एवढा लाल दिवा दिसला नाही तुम्हाला? इंजिन उकळेपर्यंत दामटवलीत गाडी. बास झालं आता. आजपासून किल्ली माझ्याकडे."

"मी बसलो आणि बारा मिनिटांत बंद पडली," नाना म्हणाले. "मशीन लाव रे वॉरेन. काय ते कळू दे."

मशीनला काय काय कळतं, याचा मला पत्ता नव्हता.

वॉरेनने स्टिअरिंगखाली वाकून स्कॅनर जोडला. पोरगा शिकवायला उत्सुक. असल्या माणसांचा मला एरवीही कंटाळा येतो, त्या दिवशी तर रागच आला.

"हे बघा, तिसऱ्या मोडमध्ये गाडीची तक्रार कळते. इंजिन जास्त तापलं, बरोबर. आता पहिला मोड, म्हणजे आत्ता या मिनिटाला काय चाललंय ते." त्याने पाणी भरून इंजिन सुरू केलं. आकडा चढत गेला. "बघा, शंभरच्या वर गेलं तरी पंखा फिरत नाही. पंखा मेलाय. रस्त्यावर वारा लागतो म्हणून चालून जातं. गाडी उभी राहिली की वाट लागली."

"मग पंखा बदला आणि ती तक्रार पुसून टाका," मी घाईने म्हणाले. "पुसता येत असेल ना?"

"येतं ना, चौथा मोड. पण मॅडम, त्याने दुसऱ्या मोडमधलं पण जाईल. पहिल्यांदा बिघाड झाला त्या क्षणाचा फोटोच असतो तिथे समजा. स्पीड किती, टेंपरेचर किती, सगळं."

"जाऊ दे. घरी कामं पडलीत."

सुशांतनेही मान हलवली. वॉरेनचं बोट बटणावर गेलं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

"बोट काढ," नाना म्हणाले. "आधी दाखव."

वॉरेनने वाचलं. "पाणी एकशे अठरा डिग्री. स्पीड झीरो. इंजिन चालू करून झालेली मिनिटं..." त्याने आकडा पुन्हा वाचला. "एकशे चार. म्हणजे अंकल, ही चालवून तापलेली नाही. पावणेदोन तास इंजिन चालू ठेवून कुणीतरी उभी केली होती."

सुशांत नानांकडे बघायला लागला. नाना माझ्याकडे. फार वेळ नाही, सिग्नल बघतात तेवढाच वेळ.

"मीच होतो," ते म्हणाले. "परवा आरेत सावलीला लावली, एसी ठेवला, डोळा लागला. भ्यालो, म्हणून बोललो नाय." त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि स्वतःहून सुशांतच्या हातात दिली.

चौतीस वर्षांत एकदाही स्टिअरिंगवर न पेंगलेला माणूस वॉरेनसमोर हे बोलला. मला ते सहन झालं नाही.

"खोटं बोलतायत ते," मी म्हणाले. "मी होते. सोमवारी, आपल्याच पार्किंगमध्ये. रोज असते."

"रोज? दोन-दोन तास काय करतेस तिथे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही, सुशांत. तेवढंच करायला बसते."

वॉरेन पाना शोधायच्या निमित्ताने आत गेला. सुशांतने किल्ली नानांच्या खिशात परत टाकली आणि रिक्षा बघायला रस्त्यावर गेला.

"तुम्ही का अंगावर घेतलंत नाना?" मी विचारलं.

नाना बाकड्यावर बसले, गुडघा चोळत.

"काचा बंद करून, गाडीत एसी लावून झोपलेली माणसां कधी कधी उठत नाय गो. आमच्या डेपोतलो एक ड्रायव्हर गेलो तसो. म्हणून दोन महिने मी रोज आठ वाजता खाली येतो. काचेतून बघतो, छाती हलतेय ना. मग परत वर." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "सोमवारी गुडघा धरला होता. नेमका त्याच दिवशी जिना उतरायचा कंटाळा केला मी."