वज्रमुख मरता मरेना

"गेला दीड महिना मी माझ्या सासऱ्यांना मारायचा प्रयत्न करते आहे आणि ते काही मरत नाहीत." हे मी एकदा बँकेच्या रांगेत फोनवर मोठ्याने बोलून गेले, तेव्हा पुढच्या बाई पर्स छातीशी धरून बाजूला झाल्या. त्यांना कुठे समजावत बसणार? मी डबिंग दिग्दर्शिका आहे. परदेशी मालिकांना आपल्या भाषेत बोलायला लावते. सध्या हातात मारधाडीची एक ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनची मालिका आहे, तिच्यातला खलनायक वज्रमुख, आणि वज्रमुखाचा आवाज आमच्या बाबांचा.

मला मुळात संथपणा सोसत नाही. मी जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरते आणि समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी संपवते. अशा बाईच्या नशिबी ही मालिका यावी! नायकाचं नाव ठिणगी, केस नारिंगी. हा ठिणगी एका भागाच्या शेवटी मूठ उगारतो आणि ती वज्रमुखाच्या जबड्याला लागायला पुढचे तीन भाग जातात. मधल्या वेळात ठिणगीला त्याचं बालपण आठवतं. त्या आठवणीतल्या आजोबांना त्यांचं बालपण आठवतं. मूठ आपली हवेत. आणि ज्या महायुद्धासाठी सगळे पहिल्या भागापासून तलवारी पाजळत होते, ते एका गाण्यात उरकलं. मी पाणी प्यायला उठले होते, परत येऊन बसते तर राजधानी पडलेली.

सुराबद्दल तर बोलायलाच नको. सेनापती आईच्या आठवणीने ढसाढसा रडतोय, आपल्याही घशाशी काही आलंय, तेवढ्यात मागून एक चष्मेवाला बेडूक शिंकतो आणि सूपच्या पातेल्यात पडतो. हसावं की रडावं हे मालिका करणाऱ्यांनीच ठरवलेलं नाही, तर मी आवाजवाल्यांना काय डोंबल सांगणार? आमचा रेकॉर्डिस्ट म्हणतो, "मॅडम, चित्रात बेडूक दिसला की हसायचं, नसला की रडायचं." तेवढा एकच नियम आजवर उपयोगी पडला आहे.

बाबा या भानगडीत कसे पडले तेही सांगते. त्यांची सगळी नोकरी बसस्थानकावर उद्घोषक म्हणून गेली. आवाज असा की फलाटावरची माणसं सामान उचलायच्या आधी सरळ उभी राहायची. पण गेल्या वर्षी आई गेल्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आणि बाबांनी बोलणंच टाकलं. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं बंद. जेवायला काय करू म्हटलं तर "काहीही". बरं वाटत नाही का म्हटलं तर "हं". घरातून बाहेर पडतानासुद्धा मुकाट्याने पडायचे. दार लागल्याचा आवाज आला की कळायचं, बाबा गेले. माझा नवरा रात्री छताकडे बघत म्हणायचा, "बाबांचा आवाज विसरायला झालाय गं." मला त्या घरात गुदमरायला व्हायचं.

मग वज्रमुखाचं काम करणाऱ्या नटाचा घसा बसला. दुसरा मिळेना. मी वैतागून बाबांना म्हटलं, "चला माझ्याबरोबर. चार आरोळ्या ठोकायच्या आहेत, एवढंच." ते आले, काचेपलीकडे उभे राहिले, हेडफोन उलटा घातला, आणि "क्षुद्र कीटकांनो!" असे गरजले की रेकॉर्डिस्टच्या हातातली बशी खाली पडली.

त्या दिवसापासून आमचं घर बदललं. बाबा सकाळी दाढी करताना आरशाला धमक्या देऊ लागले. दूध उतू गेलं तर "माझ्या साम्राज्यात ही बंडाळी?" नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला त्यांनी "तुझा अंत जवळ आला आहे" असं ऐकवलं, तो बिचारा पाना विसरून गेला. मला सुनेला लाज वाटायला हवी होती. माझा जीव भांड्यात पडला होता.

आणि मग वज्रमुखाला ती मूठ एकदाची लागली.

लागली म्हणजे तो मेला असं नव्हे. तो पडायला लागला. एक भाग कड्यावरून पडण्यात गेला, एक भाग जमिनीवर आदळण्यात. पुढे धूळ बसेपर्यंत बेडकाने विनोद केले. त्यानंतर वज्रमुख "आता माझं संपलं" म्हणाला आणि दर भागात तेच म्हणत राहिला. रोज मी काचेपलीकडे बोलायचं टॉकबॅकचं बटण दाबून सांगायचे, "बाबा, अजून थोडं मरा," किंवा "बाबा, एवढ्यात मरू नका, डोळे मिटायचेत अजून." घरी येताना बाबा खूश असायचे. "आज छान मेलो, नाही?" असं विचारायचे.

तेवढ्यात चॅनेलच्या बाईंचा फोन आला. या बाई फोनवर नमस्काराच्या आधी तक्रार सांगतात. "प्रेक्षक कंटाळलेत. तो माणूस किती दिवस मरणार? पुढचे मरणाचे सगळे भाग कापून एक करा. शुक्रवारी तो मेलेला पाहिजे."

आजवर याच मालिकेच्या गतीवरून मी याच बाईंचं डोकं खाल्लं होतं. आता त्यांनी माझंच म्हणणं माझ्या पदरात घातलं, तर मीच उलटी फिरले. "अहो, पण मरणाला थोडा वेळ द्यायला हवा," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला बरं नाही का?"

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी पुसत होता. त्याने फडका खाली ठेवला.

"शुक्रवारी? आणि बाबा मेल्यावर काय करायचं?"

"हळू बोल, ऐकतील."

"दुसरं काही काम नाही का देता येणार? झाड? दगड? या मालिकेत दगडसुद्धा बोलतात."

"दगडाचं काम देऊन झालंय दुसऱ्याला."

त्याने फडका पुन्हा उचलला. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता, मरणाचा सराव चालला होता. तो आवाज शुक्रवारनंतर या भिंतींआड पुन्हा गडप होणार, याची आम्हा दोघांनाही भीती वाटत होती. मला तर रडूच आलं. मी कांदा चिरायला घेतला, म्हणजे कुणी काही विचारू नये.

शुक्रवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मरायचं तर नीटनेटकं मरावं, असं त्यांचं मत. कापून जोडलेला भाग सुरू झाला. बाबांनी धापा टाकल्या, शाप दिले, ठिणगीला माफ केलं. बेडूक दोनदा मध्ये आला आणि गेला. राहता राहिलं शेवटचं वाक्य. वज्रमुख ठिणगीकडे बघतो, ओठ हलतात, डोळे मिटतात. संहितेत लिहिलं होतं: "पोरा, जातो मी."

बाबा म्हणाले, "पोरा, येतो मी."

रेकॉर्डिस्ट खुदकन हसला. मी बटण दाबलं. "बाबा, 'जातो'. परत एकदा."

"पोरा, येतो मी."

"बाबा, 'जातो'."

"तेच म्हटलं ना?"

"तुम्ही 'येतो' म्हणताय."

परत घेतलं. परत "येतो". ओठ दोन्ही शब्दांना सारखेच हलतात, त्यामुळे तीही सबब नाही. घड्याळ पुढे सरकत होतं, चॅनेलच्या बाईंचे दोन फोन मी कापले होते, रेकॉर्डिस्ट टेबलाखाली वाकून हसत होता. माझा पारा चढला.

"बाबा, तो मरतोय! कोपऱ्यावर पाव आणायला निघालेला नाही!"

"मरतोय म्हणून काय झालं?" बाबाही तडकले. "निघताना माणूस 'जातो' म्हणतो का कधी? राक्षस झाला तरी घरचं काही वळण असेल की नाही?"

"त्याने चार राज्यं जाळलीत बाबा, वळण कसलं!"

"ते त्याचं काम झालं. हे बोलणं झालं." आणि हेडफोन काढून ते तिथेच स्टुलावर बसले. माईक चालूच होता. रेकॉर्डिस्टने हसणं थांबवलं, कारण बाबांचा आवाज एकदम वज्रमुखाचा राहिला नव्हता.

"तुझ्या सासूला मी 'जातो' म्हणालो होतो," ते म्हणाले. "दवाखान्यात. तिला चहा हवा होता. मी म्हटलं, जातो आणि घेऊन येतो. ती म्हणाली, 'अहो, नुसतं येतो म्हणा.' मी म्हटलं, हो, हो. आणि तसाच पळालो, कँटीन बंद व्हायला आलं होतं. वर आलो तर दाराशी डॉक्टर. माझ्या दोन्ही हातांत दोन कप. ते कुठे ठेवायचे तेच कळेना. शेजारच्या खाटेवरचा माणूस मोबाईलवर काहीतरी बघून हसत होता, खो-खो हसत होता. मला वाटलं, ते कप त्याच्या डोक्यावर ओतावेत." त्यांनी नाक पुसलं. "तुमच्या या माणसाला मरायला इतके भाग मिळाले. मला एक शब्द बोलायला वेळ नाही मिळाला. आणि लोक म्हणतात, फार लांबवलं."

मी काचेच्या अलीकडे बसले होते. मला धावत आत जायचं होतं, पण त्या आवाजबंद बूथचं दार जड. इतके महिने बाबा घरातून मुकाट्याने का बाहेर पडत होते, ते मला तेव्हा कळलं. एक शब्द चुकला म्हणून त्यांनी सगळेच टाकले होते. मी बटण दाबलं आणि जमेल तसं म्हटलं, "बाबा, 'येतो'च ठेवू. फक्त शेवटचा घेऊ या एकदा. सावकाश. मला घाई नाही."

रेकॉर्डिस्टने वळून माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्याने माझ्या तोंडून पूर्वी ऐकलेलं नव्हतं.

बाबांनी हेडफोन चढवला, या वेळी सुलटा. "पोरा," ते म्हणाले, आणि थांबले, चित्रातल्या ओठांपेक्षा जास्तच थांबले. "येतो मी." मग वज्रमुखाने डोळे मिटले. चित्रात बेडूक नव्हता, त्यामुळे आम्ही नियमाप्रमाणे रडलो.

भाग त्याच संध्याकाळी दाखवला गेला आणि रात्री चॅनेलच्या बाईंचा फोन आला. "तुमच्या माणसाने अर्थाचा अनर्थ केलाय! मरताना 'येतो' म्हणतोय! पोरं विचारतायत, वज्रमुख परत कधी येणार. येणार आहे का तो?"

"मालिका करणाऱ्यांना विचारा," मी म्हटलं.

"विचारलं. त्यांना माहीत नाही."

मग बाई म्हणाल्या, "आवाज मोकळा ठेवा त्यांचा. सांगता येत नाही." मी घरात हे कुणाला सांगितलं नाही. या मालिकेच्या भरवशावर कुणाला आशा लावणं बरं नव्हे.

शनिवारी सकाळी बाबा उठले. दाढी केली, पण आरशाला काही बोलले नाहीत. दूध मी मुद्दाम उतू जाऊ दिलं, तरी हूं नाही की चूं नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. संपलं म्हणायचं, दुसरं काय. मी ओटा पुसायला लागले आणि फडका इतक्या जोरात घासला की बरणी पडली.

मग बाबा बाहेरच्या खोलीत आले. बूट घातले, नाड्या बांधल्या, दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभे राहिले. मला वाटलं, दार लागेल आता. दार लागेना.

"येतो गं," बाबा म्हणाले.

तरीही ते जाईनात. पाठमोरेच उभे होते. ते उत्तराची वाट बघतायत हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळच लागला, आणि हात ओले तसेच घेऊन मी धावत दारापर्यंत गेले.

"या बाबा. लवकर या."

"मूर्ख मुली!" जिन्यात वज्रमुख गरजला, खालच्या मजल्यावर कुणाचं तरी दार धाडकन लागलं. "वज्रमुख कुणाच्या वेळेवर येत नसतो!"

दोन पायऱ्या उतरून ते थांबले. मग त्यांच्या स्वतःच्या आवाजात, वर न बघता त्यांनी विचारलं, "येताना काही आणू का?"

"काही नको," मी म्हटलं. "नुसते या."