शिवम्माचं आवतण

“आता ह्ये काय विचारायलंय?” शिवम्मानं फोन डोळ्यांपासून लांब धरला.

“काय लिहिलंय ते वाच की. तुला येतंय वाचायला,” अनुपमा म्हणाली. ती चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

शिवम्मा ओठ हलवत एकेक अक्षर गोळा करू लागली. “अ... नु...” तिथं ती थांबली आणि हसली. “तुझंच नाव हाय की गं ह्येच्यात.”

“अनुमती द्या, असं हाय ते, माय.”

“म्हंजी?”

“म्हंजी, आत येऊ का, म्हनून विचारायलंय. तू माझंच नाव हाय समज. अनु दिसलं की दाबायचं. लेकीला काय दारात उभी करनार हायस का?”

दोघी हसल्या. शिवम्मानं दाबलं.

अनुपमा पूर्णेहून दोन दिवसांसाठी आली होती. तिचा नवरा तिथं रेल्वेत. हा फोन तिनंच आणला होता आणि आल्यापासून ती तो आईच्या हाताला बसेल असा करत होती. भाषा मराठी केली. अक्षरं मोठी केली. समोर चारच चित्रं ठेवली, बाकीची मागं ढकलली. त्या चार चित्रांच्या पाठीमागं तिनं आप्पांचा फोटो लावला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर भगवी शाल. आप्पा म्हणजे शिवम्माचे मालक. पालममधल्या लिंगायत घरांचे ते स्वामी, त्यांची लग्नकार्यं लावणारे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

शिवम्माचे प्रश्न संपत नव्हते.

“मागचा फोटो बदलला तर तुझे आप्पा पुसले जातेत का?”

“न्हाई जात. आत ऱ्हातेत.”

“ह्ये चित्र जागेवरनं सरकलं की गं. आता परत कसं न्यायचं?”

“बोट दाबून धर आन् वढ.”

“घंटी बदलता येती का? ही लय रडक्यावानी वाजायली.”

“बदलू की.”

“आन् नवीन काय घालायचं असलं तर दुकानात न्यावं लागतंय का?”

“न्हाई. ह्या तिकोनी चित्रातनं घ्यायचं. दुसरीकडनं कुठनं बी घ्यायचं न्हाई, सांगून ठेवते.”

हे शेवटचं तिनं नीट सांगितलं होतं. पण तेव्हा भाकरी करपायला लागली होती आणि शिवम्माचं लक्ष तव्याकडं गेलं.

शिवम्मा अक्षरं शिकली ती पन्नाशी उलटल्यावर, अंगणवाडीत भरणाऱ्या बायांच्या वर्गात. जोडाक्षरं यायच्या आत वर्ग बंद पडला. त्यामुळं तिची वाचायची रीत आपली आपणच बसली होती. शब्दाची पहिली दोन अक्षरं वाचायची आणि पुढचं अंदाजानं धरायचं. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. एकदा परभणीच्या स्टँडवर घाईत ‘पा’ एवढंच वाचून ती पालमची म्हणून पाथरीच्या गाडीत बसली होती. कंडक्टरनं तिकिटाला हात पुढं केला तेव्हा कळलं. ती गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

तिचं काम आवतणाचं. लग्न असो, बारसं असो, कुणाच्या माघारी घातलेलं शिवगणाराधनाचं जेवण असो, घरोघर जाऊन जेवायला बोलवायचं ते शिवम्मानं. मालक असल्यापासून हे चालत आलेलं. महादेवाच्या देवळात घंटा वाजवायची आणि तिथून निघायचं. प्रत्येक दारात उभं राहून तिचं ठरलेलं एकच बोलणं: “शरणार्थ हो. उद्या चूलबंद आवतन हाय.” चूलबंद म्हणजे त्या घरची चूल उद्या पेटवायची नाही, लहानथोर सगळ्यांनी जेवायला यायचं. ज्या घराला कुलूप असेल तिथं ती विभूतीचं बोट चौकटीला लावून पुढं जायची. घरचे परत आले की खूण बघायचे आणि समजायचे, शिवम्मा येऊन गेली. शेतकरी घरं, वाणी घरं, लिंगायत, मराठा, सगळीकडं तिची खूण चालायची. तिनं सांगितलं म्हणजे ते खरं. कुणी कधी उलटून विचारलं नाही की कुणाचं लग्न, कुठं, कशाचं.

आता गुडघे साथ देईनात. लोकच म्हणू लागले, आक्का, फोनवर सांगत जा. म्हणून हा फोन. अनुपमानं प्रत्येक घराचा नंबर नावानिशी आत घातला. शिवम्मा माईकच्या चित्रावर बोट ठेवायची आणि दारात म्हणायची तसंच, त्याच सुरात, म्हणायची. दिनकररावांच्या सरजाबाईनं तर तिला सांगितलं, “काकू, तुमचा आवाज आमी दोनदा लावून ऐकतो. दारात आल्यावानी वाटतंय.”

शिवम्माला ते फार आवडलं.

बाजारातल्या महारुद्र किराणावाल्याच्या राजेश्रीचं लग्न पेडगावला जमलं होतं. तो म्हणाला होता, “पत्रिका आली की पयली तुमाला, आक्का. मग गावाला.” शिवम्मा वाट बघत होती.

एका दुपारी फोन वाजला. वर महारुद्रचं नाव. खाली लिहिलेलं होतं: लग्नपत्रिका. हा शब्द नेहमीच्या बघण्यातला, म्हणून जोडाक्षरं असूनही तिनं पुरा वाचला.

पत्रिका खरकट्या हातानं घेत नाहीत. शिवम्मानं हात धुतले, पदराला पुसले, देव्हाऱ्यातली विभूती बोटावर घेतली आणि फोनच्या कोपऱ्याला लावली. मग पत्रिकेवर बोट ठेवलं.

पत्रिका उघडली नाही. बारीक अक्षरांच्या दोन-तीन ओळी आल्या. मधे मधे जोडाक्षरं होती, ती तिनं सोडून दिली. पण त्या गर्दीत तिला ओळखीची दोन अक्षरं दिसली. अनु.

तिनं दाबलं.

पुन्हा ओळी आल्या. पुन्हा अनु. पुन्हा दाबलं. आणखी एकदा तेच. लेक दारात उभी राहून पुन्हा पुन्हा विचारत होती, आत येऊ का. शिवम्मा म्हणाली, “ये की गं बाई, किती विचारशील,” आणि दाबत गेली.

मग पडदा पांढरा झाला. चार चित्रांच्या शेजारी पाचवं चित्र क्षणभर दिसलं आणि दिसेनासं झालं. मागं आप्पा होते तसेच होते. राजेश्रीचं नाव नाही, नवऱ्यामुलाचं नाव नाही, काहीच नाही.

आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं तिला वाटलं. तिनं फोन उशाशी ठेवला. दिवेलागणीला तिथं हात गेला तेव्हा उशी गरम लागली. ताप आलेल्या लेकराच्या अंगाला हात लावावा तशी.

सकाळी सत्यशीला मास्तरीणबाईंचा फोन आला. “काकू, तुमची पत्रिका उघडंना की.”

“माझी? मला कशाची पत्रिका?”

“काल तुमीच पाठवलीव की. पन्नासदा दाबलं. आमचे ह्ये म्हनले, तुला येत न्हाई, आन इकडं. त्येंच्या फोनवर बी उघडंना.”

तो फोन ठेवते तोवर दुसरा. मग तिसरा. सगळे हसत होते. आक्का लय सुधारल्या म्हणत होते. एकानं तर सांगितलं, तुमचं आलेलं म्हणून मी पुढं पावण्यांना बी पाठवलं. शिवम्मा प्रत्येकाला “बरं, बरं” म्हणत होती.

ती चप्पल घालून महारुद्रच्या दुकानात गेली. तो साखर जोखत होता.

“महारुद्र, ती पत्रिका पाठवलीस, ती उघडंना बाबा.”

त्याचा हात तराजूवर थांबला. “कोनती पत्रिका, आक्का?”

“राजेश्रीची.”

“पत्रिका अजून छापायलाच दिली न्हाई.”

गिऱ्हाईक दोघांच्या तोंडाकडं बघत राहिलं. महारुद्रनं खिशातून स्वतःचा फोन काढला, त्याच्याकडं बघितलं आणि शिवावं की न शिवावं अशा बेतानं तो काट्याच्या शेजारी ठेवून दिला.

स्टँडसमोर हरिओमचं मोबाइलचं दुकान. तो शिवम्माला लहानपणापासून ओळखत होता. त्यानं हसत फोन घेतला, इकडं तिकडं बोट फिरवलं आणि त्याचं हसणं गेलं.

“काकू, तुमी ह्येला अनुमती दिलीव.”

“मी कुनाला बी दिली न्हाई. अनुला दिली.”

“कोन अनु?”

भिंतीवर फोनची रंगीत पाकिटं लटकत होती, तिकडं शिवम्मा बघत राहिली.

“ती पत्रिका नव्हतीच,” हरिओम म्हणाला. “पत्रिकेचं सोंग घेऊन आत शिरलंय. तुमचे मेसेज वाचायलंय, तुमच्या नावानं सगळ्यांना तेच पाठवायलंय. जो उघडंल त्येच्या फोनात शिरंल. बँकेचं बिंकेचं असलं तर ते बी नेतंय.”

“मग बंद करून टाक की.”

“बंद करतो. सगळं पुसतो. पन उपेग न्हाई. तुमच्या नंबरावर तिकडं दुसराच कुनीतरी बसलाय. हा फोन हिरीत टाकला तरी तो शिवम्मा म्हनूनच बोलनार. ते सोडवायला येळ लागंल.”

“सगळं पुसतो म्हंजी आप्पा बी?”

हरिओमला काही कळलं नाही. त्यानं फोन तिच्यासमोर धरला, तेव्हा पडद्यावरच्या फोटोकडं बघून त्यानं मान खाली घातली. “पुसावं लागंल, काकू.”

“पूस.”

फोन पुसला जात होता तोवर त्यानं स्वतःच्या फोनवर गावाच्या ग्रुपमध्ये लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाला, “शिवम्माकाकूंचं काय बी आलं तरी उघडू नका.”

शिवम्मानं ते ऐकलं. आपलं नाव आणि ‘उघडू नका’ हे एकामागं एक तिनं कधी ऐकलं नव्हतं.

“समदे ग्रुप बघतेत का रे?” तिनं विचारलं.

“समदे कुठं बघतेत.”

“मग मी सांगून येते.”

“काकू, उन्हाचं कुठं फिरता? गुडघे—”

ती निघाली होती.

महादेवाच्या देवळात तिनं घंटा वाजवली नाही. पण निघाली तिथूनच, कारण घरांचा क्रम तिला तिथूनच येत होता. पायही त्याच क्रमानं पडत होते. प्रत्येक दारात ती उभी राहायची. “शरणार्थ हो,” एवढं सवयीनं तोंडातून यायचं आणि पुढं ती अडखळायची. मग म्हणायची, “माझ्या नावानं आलेलं उघडू नका.” कुणी म्हणालं, बरं झालं सांगितलंव. कुणी म्हणालं, उघडलं की. कुणी फोन हातात घेऊन नुसतंच उभं राहिलं.

दिनकररावांच्या वाटेवर तिला वाटलं, हे घर तरी वाचलेलं असावं. सरजाबाई ओसरीवर बसली होती. तिच्यापुढं निवडायचं सूप होतं, त्यात हात नव्हता.

“सरजा, माझं काय आलं आसंल तर—”

“आलं, काकू.” सरजाबाईचा आवाज चढला नाही. “ह्येंनी उघडलं. खात्यातलं समदं गेलं. बँकेत गेलेत. ट्रॅक्टरचं होतं ते.”

शिवम्मानं ओसरीचा खांब धरला.

“दुसऱ्या कुनाचं आस्तं तर उघडलं नस्तं,” सरजाबाई म्हणाली. “रोज शंभर येतेत, ह्ये बघत बी न्हाईत. तुमचं नाव बघितलं आन् म्हनले, शिवम्माचं हाय, चूलबंद आसंल.” मग तिला एकदम काहीतरी आठवलं. “थांबा, पानी आनते.”

ती आत गेली. शिवम्मा उभी राहिली. आतून भांड्याचा आवाज आला नाही. सरजाबाई बाहेरही आली नाही. सुपावर एक चिमणी उतरली, दाणे टिपून गेली. मग शिवम्मा पायऱ्या उतरली.

तिच्या पुढं पुढं खबर पळत होती. शेवटच्या आळीत ती पोचली तेव्हा दारं लोटलेली होती. ऊन होतं म्हणून असेल. वळणावर त्याच आळीतली बायनाबाई समोरून आली आणि नजर चुकवून गोठ्यात वळली. एका खिडकीतून कुणीतरी बघितलं आणि खिडकी ओढून घेतली.

सगळ्यांत शेवटचं घर तानुबाईचं. शिवम्माच्या वयाची, एकटीच दिवसभर घरात. लेक-सून परभणीला कामाला जायचे. तानुबाईकडं मोठ्या पडद्याचा फोन नव्हता, बटणांचा होता. इथं तर काही सांगायचीसुद्धा गरज नव्हती. पण क्रमात घर होतं. आणि शिवम्माला घोटभर पाणी हवं होतं.

दार आतून लावलेलं होतं. तिनं कडी वाजवली.

“कोन हाय?”

“मी गं, तानु. शिवम्मा.”

आत काहीतरी हललं. पावलं दारापर्यंत आली आणि दाराच्या आतल्या बाजूला थांबली. दोघींच्या मधे नुसती फळी होती. तानुबाईचा दमलेला श्वास शिवम्माला ऐकू येत होता.

“तानु?”

“सुनंचा फोन आल्ता,” तानुबाई आतून हळूच म्हणाली. “शिवम्माचं काय बी आलं तरी उघडू नका म्हनली.”

“आगं ते फोनातलं. मी मीच हाय. आवाज वळखत न्हाईस का?”

“आवाज तुझाच हाय.” फळीवर आतून तळहात टेकल्याचा आवाज आला. “पन आता आवाज बी करतेत म्हनं दुसऱ्याचा. हुबेहूब. मी एकलीच हाय गं घरात. माझ्यावर राग धरू नगं.”

दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला विभूतीची बोटं उमटलेली होती. एकावर एक, जुनी, तेलानं आणि धुरानं पिवळी पडलेली. घर बंद असताना वेगवेगळ्या लग्नांना, बारशांना ती लावून गेलेली. शिवम्माचा हात आपोआप कमरेच्या विभूतीच्या पिशवीकडं गेला. बोटाला विभूती लागली. तिनं हात चौकटीपर्यंत नेला.

ही खूण दिसली की घरचे काय समजतात, ते तिला माहीत होतं. तिनं हात मागं घेतला आणि बोट पदराला पुसलं.

“तानु,” ती म्हणाली, “बराबर केलीस. उघडू नगं.”

आत पावलं तशीच उभी होती. शिवम्मा एका हातानं भिंत धरत ओट्याच्या पायऱ्या उतरली. ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा मागं कडीला कुणीतरी आतून हात लावल्याचा आवाज आला. ती वळली नाही. कडी निघाली नव्हती. वरची दुसरी कडी घातली होती.