पिशवीत असताना हरवलेली

मी हरवलेली नाही. हे मी किती वेळा सांगितलं, पण एकानेही विश्वास ठेवला नाही. ठेवणार तरी कसा? पोलिसांचा शिक्का असलेला कागद म्हणतो की मी हरवले, आणि शिक्क्यापुढे माझं कोण ऐकतं?

मी एक गुणपत्रिका आहे. बी.एस्सी. दुसरं वर्ष, अस्मा अजीज पिंजारी, राहणार तळोदा. या घडीला मी तिच्याच घरात लोखंडी पेटीत, रजयांच्या खाली पडून आहे. बाहेर यायला मला तोंड नाही.

जन्मले तेव्हा अशी नव्हते. विद्यापीठाच्या छापखान्यातून निघाले तेव्हा कोरी, करकरीत होते. अस्माने मला दोन्ही हातांत धरलं आणि विषय एकेक करून आईला वाचून दाखवले. आई शहाबानो चौथी शिकलेली. तिला रसायनशास्त्रातलं काही कळत नव्हतं, पण खालचा आकडा तिने पाठ केला. अठ्ठ्याऐंशी क्रेडिट. लेकीने विचारलं, अम्मी, म्हणजे काय कळलं का? तर म्हणाली, तू दोन वर्षं घासलीस ते सगळं याच्यात आहे, एवढं कळलं.

तेवढंच कळायचं होतं. अस्माच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला तिच्या विषयाची पोरं पुरेशी भरली नाहीत, म्हणून तो वर्गच उघडला नाही. आता जायचं ते नाशिकच्या सरकारी कॉलेजात. विद्यापीठ वेगळं. तिथे हे अठ्ठ्याऐंशी धरले तर सरळ तिसरं वर्ष. नाही धरले तर पुन्हा पहिल्यापासून. तिच्या अब्बाने, अजीजने, घरात स्पष्ट सांगितलं होतं, एक वर्ष कसंही निभावतो, तीन माझ्याच्याने होणार नाहीत. म्हणजे पोरीचं शिक्षण माझ्या अंगावरच्या त्या आकड्यावर टांगलेलं.

मला आईच्या हाती देऊन अस्मा नाशिकला अर्ज भरायला गेली. जाताना म्हणाली, सांभाळ. तो एक शब्द नडला.

हे घर पिंजाऱ्याचं. गाद्या, उशा, रजया. दिवसभर कापूस पिंजायचा, आणि त्याची लव घरभर उडायची. भांड्यावर लव, पापणीवर लव, डाळीतही लव. म्हणून या घरात कुठलीच वस्तू उघडी राहत नाही. रेशनकार्ड, आधार, पोरांच्या लशींचे कागद, सगळ्यांना अजीजने प्लास्टिक चढवून आणलेलं. शेजारी हसायचे, म्हणायचे, अजीजभाईचं चाललं तर बायकोलाही लॅमिनेशन करून ठेवील.

त्या आठवड्यात अजीज घरी नव्हता. चिंचपाड्याच्या दवाखान्यातल्या गाद्या उसवून भरायचं काम होतं, तिकडेच मुक्काम. दुसऱ्या दिवशी शहाबानोने पाहिलं, माझ्या कोपऱ्यावर लव बसलेली. पदराने पुसली. संध्याकाळी पुन्हा बसली. मग ती मला घेऊन स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि दुकानदाराला म्हणाली, जाड प्लास्टिक लाव, पोरीचा कागद आहे.

यंत्रातून गरमागरम बाहेर पडले. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. चकाकत होते. लव बसली तरी फुंकरीने उडत होती. त्या चकाकण्याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

अस्मा परतली तोवर अजीजही परतला होता. तिने मला पाहिलं आणि नुसती हसली. अब्बांचीच करामत, असं तिने धरलं. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही.

मग नाशिकहून निरोप आला. दुसऱ्या वर्षाचे क्रेडिट ऑनलाइन खात्यात दिसत नाहीत, तेव्हा मूळ गुणपत्रिकेच्या पाठीवर जुन्या कॉलेजचा शेरा, सही आणि शिक्का आणा. शुक्रवारपासून पुढे पंधरा दिवसांची मुदत.

तिघं मिळून जुन्या कॉलेजात गेले. तिथले कारकून भटू भाऊसाहेब माणूस भला. मला उलटं केलं, शिक्का शाईत बुडवला आणि पाठीवर दाबला. शाई बसेना. ओघळली. त्यांनी अंगठा फिरवला तर निळा फराटा उठला. पुन्हा दाबला, पुन्हा ओघळली. सहीचं पेन तर घसरतच गेलं. माझ्या अंगात काही मुरतच नव्हतं.

"हा शहाणपणा कोणी केला?" त्यांनी विचारलं.

शहाबानो. जिच्या तोंडाला सारी गल्ली टरकते ती. नळावर चार जणींना एकटी पुरून उरते ती. लेक तिच्याकडे बघत होती, आणि ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हा माणूस घरात काही उघडं ठेवू देईल तर ना."

अजीजने तिच्याकडे पाहिलं. त्याला काय कळायचं ते कळलं. त्याने मान खाली घातली आणि बोटाला चिकटलेला कापूस सोलत बसला.

घरी येऊन त्याने मला वाफ दिली, कोपऱ्यात पातं घालून प्लास्टिक सोडवायला बघितलं. प्लास्टिकबरोबर माझी कातडी निघाली, एका विषयाचे गुण अर्धे गेले. अस्माने मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"अब्बा, तुम्ही गाद्याच शिवा. माझ्या कागदांना हात लावू नका."

बारा दिवस ती बापाशी बोलली नाही. पाण्याचा तांब्या ठेवायची आणि फिरायची. शहाबानो रोज संध्याकाळी भाकरी थापताना तोंड उघडायची आणि मिटायची. भाकरी करपायच्या. मी फळीवरून बघत होते. मला वाचा असती तर मी तिचं नाव ओरडून सांगितलं असतं. नाही, तेही खरं नाही. मीही गप्पच बसले असते. आमचं दोघींचं एकच झालेलं, वरून चकचकीत, आत काही जाऊ द्यायचं नाही.

भटू भाऊसाहेबांनी शेवटी वाट सांगितली. दुय्यम प्रत मिळते, पण हरवल्याची पोलिसांची नोंद लागते.

शहाबानो त्यांच्यावर उसळली. "भाऊ, कागद मन्हा हातमा शे. हराई गया असं कसं लिखी देऊ?"

"ताई, मग तिसरं वर्ष विसरा," ते हळूच म्हणाले.

मुदतीला तीन दिवस उरले होते. तिघं ठाण्यात गेले. मी शहाबानोच्या पिशवीत, तिच्या छातीशी. माझी हरवल्याची तक्रार माझ्यासमोरच लिहून घेतली जात होती. हवालदाराने काय हरवलं विचारलं, अस्माने सांगितलं. कधी हरवलं विचारलं, तर ती नाशिकला गेली होती तो आठवडा तिने सांगितला. मग त्याने पेन वर धरून विचारलं, "कोणाच्या हातून?"

अजीज पुढे सरकला. "मन्हा..."

"त्या रोजले हाऊ चिंचपाडाले व्हता," शहाबानो म्हणाली. पिशवी तिने इतकी आवळली की मी मधोमध वाकले. "मन्हा हाततून गयी. मन्हं नाव लिखा."

हवालदाराला त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने लिहिलं. अस्मा मात्र आईकडे बघतच राहिली. मग बापाकडे. परतीच्या जीपमध्ये ती आईशेजारची जागा सोडून अब्बांच्या बाजूला बसली आणि त्यांच्या बाहीवरची लव एकेक करून वेचत राहिली. शहाबानो बाहेर बघत होती. तिला कोणी रागावलं नाही, आणि तेच तिला सोसलं नाही.

तातडीची फी भरली आणि दुसऱ्याच दिवशी दुय्यम प्रत आली. तिच्या पाठीवर शाई अशी मुरली की बोट फिरवलं तरी हलेना. नाशिकने अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी धरले. अस्मा तिसऱ्या वर्षाला आहे.

मी मात्र कुठेच नाही. फाटक्या कोपऱ्याची, मधोमध वळ पडलेली, पाठीवर निळा फराटा घेऊन पेटीत पडले आहे. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला उघडी राहू द्या. लव बसेल, डाग पडेल, पण शिक्का तरी बसेल. आणि चूक झालीच तर त्याच दिवशी तोंड उघडा. बारा दिवस फार होतात.

शुक्रवारी सगळे बाहेर गेले की शहाबानो पेटी उघडते. मला बाजूला सारते आणि माझ्याखालची तक्रारीची प्रत काढते. चौथीचं वाचन तिचं, बोट ठेवून अक्षर अक्षर लावते. त्या कागदावर मी हरवले हे खोटं, तारीख खोटी, जागा खोटी. तिचं बोट त्या सगळ्यावरून भराभर पुढे जातं आणि खालच्या एका ओळीवर थांबतं. कोणाच्या हातून: शहाबानो अजीज पिंजारी.