रंगाऱ्याचा खुबा

घरं रंगवणाऱ्या नवऱ्याला शिडी चढवेना, तेव्हा त्याच्या बायकोला पहिला संशय त्याच्यावरच आला. काम टाळतोय, दुसरं काय.

ती कपड्यांच्या कारखान्यात तयार शर्ट तपासायला होती. दिव्याखाली शर्ट उलटा करायचा, सुटलेला टाका शोधायचा, नाही सापडला तर पुन्हा बघायचं. घरीही तिचा तोच खाक्या. शेजारी तिला मागून 'इन्स्पेक्टर' म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. तिचा आंधळा विश्वास होता तो एकट्या मोठ्या भावावर. दादाचं जडीबुटीचं दुकान होतं. रंगाच्या वासाने नवऱ्याचा दमा बळावला, तेव्हा दादानेच पूड दिली होती आणि दमा पळाला होता.

पण नवरा जिना उतरताना कठडा घट्ट धरून ओठ दाबायला लागला, तशी ती त्याला हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"मांडीचं हाड खुब्यात बसतं ना, तिथला हा गोळा," डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "त्याला रक्त पोचत नाही, म्हणून तो मरतोय. डावा वरून खचलाय. उजवा अजून गोल आहे. स्टेरॉईड कधीपासून घेताय?"

"घेतच नाही," नवरा म्हणाला.

"दम्यासाठी?"

"पंप आहे. तोही हल्ली लागत नाही."

"दारू?"

"रंगाच्या वासानेच चढते मला. वेगळी कशाला प्यायची?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्याचा फुगलेला चेहरा आणि हातावरचे निळे डाग बघून त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यानेही तेच उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या, "डावीकडे सांधा बदलावा लागेल. उजव्यासाठी एक प्रयत्न करता येईल. यांच्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या मूळपेशी एकवटायच्या आणि मेलेल्या भागात भोक पाडून सोडायच्या. हमी मात्र देणार नाही."

बाहेर येताच बायको म्हणाली, "आमचंच काढून आम्हालाच टोचणार. वर हमी नाही. या बाईंचं लक्षण मला ठीक दिसत नाही."

"मला तर बऱ्या वाटल्या."

"तुम्हाला कोण बरं वाटत नाही? आणि खरं सांगा, चोरून काही घेता का?"

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर तिने त्याचे खिसे चाचपले, ब्रशांचा डबा उपसला. पॉलिश पेपरचे तुकडे तेवढे निघाले. तरी तिचं मन काही निवळलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवरा सकाळी उठला तो उलट्या करतच. उभा राहायला गेला आणि कोसळला. दवाखान्यात तिने डॉक्टरांनाच धारेवर धरलं. "तुमच्या दुखण्याच्या गोळ्यांनी झालंय हे."

"हल्ली कुठलं औषध बंद केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुठलंही नाही."

नवरा पलंगावरून क्षीण आवाजात म्हणाला, "पूड संपलीय. दादा परगावी गेलेत ना."

"ते कसलं औषध? घरचं आहे ते," ती म्हणाली. "माझ्या सख्ख्या भावाचं."

डॉक्टरांनी आधी त्याला इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत तो उठून बसला. मग त्यांनी रिकाम्या डबीच्या तळाशी उरलेली पूड तपासायला मागवली. त्यात स्टेरॉईड निघालं.

"बाहेरून रोज मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं," डॉक्टरांनी समजावलं. "एकदम थांबलं की माणूस असा कोसळतो. आता मोजून देऊ आणि हळूहळू कमी करू. हाड त्यानेच मेलंय बहुतेक."

ती डबी तिने स्वतः नेमाने भरून आणली होती. दूध कोमट करून, पूड ढवळून पेलाही तिनेच हातात दिला होता.

दादा परतल्यावर ती दुकानात गेली. तो गुडघ्याला पट्टा बांधून पुड्या बांधत होता.

"दादा, यात काय घालतोस?"

"मुळ्या, साली. नेहमीचंच."

"आणि?"

"एक पांढरी भुकटी. तयार येते. तिने गुण लवकर येतो."

"कसली भुकटी?"

"मी कधी विचारलं नाही गं."

"तुझा गुडघा एवढा दुखतो. तू का घेत नाहीस?"

दादाने तराजूचं पारडं उगाच पुसलं. "मला सोसत नाही."

तिने समोरच्या पेल्यात चमचाभर पूड ढवळली आणि पेला त्याच्यापुढे सरकवला. त्याने पेल्याला हात लावला नाही. ती तिथून थेट दवाखान्यात गेली. पूड कुठली, हे डॉक्टरांनी विचारून ठेवलंच होतं. तिने दुकानाचा पत्ता सांगितला, भावाचं नावही सांगितलं. डॉक्टरांनी औषध खात्याकडे तक्रार केली आणि महिना संपायच्या आत दुकानाला सील लागलं.

स्टेरॉईडची मात्रा बरीच उतरल्यावर नवऱ्याचा मगज काढून उजव्या खुब्यात मूळपेशी सोडल्या. कितीतरी दिवस तो कुबड्यांवर होता. नंतर डावा सांधा बदलला. वर्षाने पुन्हा फोटो काढला, तेव्हा उजवा गोळा गोलच होता.

"पेशींमुळे टिकला की पूड सुटल्यामुळे?" तिने विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येणार. पुढेही टिकेलच, असंही म्हणत नाही."

या वेळी तिला त्या उत्तराचा राग आला नाही.

नवरा आता शिडीवर चढत नाही. स्टुलावर बसून दारं-खिडक्या रंगवतो आणि वरचं काम जोडीदाराला देतो. दादाचा मधूनच फोन येतो. "पाहुण्यांच्या पायांचं कसं आहे?" एवढंच विचारतो. ती बरं आहे म्हणते. मायेने विचारतोय की तक्रार कुठवर आलीय ते चाचपतोय, हे तिला अजून कळलेलं नाही. तरी प्रत्येक वेळी ती फोन उचलते.