चढावरचा ठोका

मी एक जुनी मोटारसायकल आहे. पण मित्रांनो, माझी गोष्ट एका पत्रापासून सुरू होते. माझ्या सीटखालच्या पान्यांच्या डब्यात ते पाच आठवडे उत्तराविना पडून होते. माझ्या मालकांच्या धाकट्या बहिणीने लिहिले होते, ‘दादा, पुढच्या महिनाअखेरीस हे घर सोडून लेकीकडे कायमची चालले. त्याआधी एकदा गाडी घेऊन ये. तुझ्या मागे बसून नदीच्या पुलापर्यंत जायचंय. येणार की नाही, तेवढं कळव.’

मालक वाचनालयात ग्रंथपाल होते. मी कारखान्यातून आले ती थेट त्यांच्या दारात. बहिणीला कॉलेजात सोडण्यापासून तिच्या सासरच्या फेऱ्यांपर्यंत सत्तावीस वर्षे मी धावले. “ग्रंथपालांची गाडी म्हणजे घड्याळ!” असे लोक म्हणत. मला ते ऐकायला फार आवडे.

मालक निवृत्त झाले, त्यांना वेळच वेळ मिळाला आणि तिथेच घोळ झाला. इंजिन दुरुस्तीचे एक पुस्तक वाचून त्यांनी माझ्या कुशीचे झाकण उघडले आणि ठिणगीची वेळ ठरवणारी प्लेट पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे फिरवली. दुसऱ्याच दिवशी चढावर माझ्या पोटात खडखड सुरू झाली. त्यांनी पुन्हा पुस्तक उघडले. ठोक्यांच्या प्रकरणात शेवटी लिहिले होते, क्रँकचे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याचे, बेअरिंग झिजले की इंजिनाची आशा सोडावी. मालकांचा वाईट बातमीवर चटकन विश्वास बसतो. त्यांनी माझ्यावर कापड टाकले.

त्याच आठवड्यात पत्र आले. बसने जाता आले असते. पण बहिणीने गाडी मागितली होती. गाडी संपली हे लिहायला त्यांचा हात धजेना. पत्र माझ्या डब्यात गेले.

शेवटी भंगारात देण्याआधी एकदा दाखवावी, म्हणून ते मला गॅरेजमध्ये घेऊन गेले.

“ढकलत का आणलीत, साहेब? चालू होत नाही?” मिस्त्रीने विचारले.

“होते. पण क्रँक गेलाय.”

“कोण म्हणतं?”

“पुस्तकात आहे.”

“मग पुस्तकालाच किक मारा!”

मिस्त्रीने मला चालू केले. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली. खाली ऐकले, वर ऐकले. मग मला चढावर पिटाळले. जोर लावला की खडखड, जोर सोडला की गप्प.

“क्रँक ठणठणीत आहे,” परत येऊन तो म्हणाला. “ठिणगी फार लवकर पडतेय. पिस्टन वर यायच्या आतच पेट्रोल भडकतं, त्याचा हा ठोका. झाकणाला कोणी हात लावला?”

मालकांनी मान खाली घातली आणि पिशवीतून पुस्तक काढले. मिस्त्रीने मुखपृष्ठ पाहिले.

“हे दुसऱ्याच गाडीचं की! साहेब, दुसऱ्याचं कार्ड घेऊन आलेल्याला तुम्ही पुस्तक देत होतात का?”

मालक कसेनुसे हसले. पाना घ्यायला मिस्त्रीने डबा उघडला. “हे काय, पान्यांत टपाल?” न वाचताच त्याने पत्र मालकांच्या हाती दिले. त्यांनी तारीख पाहिली. बहिणीला घर सोडायला अजून नऊ दिवस होते.

मिस्त्रीने प्लेट केसभर मागे सरकवली. मालक मला घेऊन चढ चढले. आवाज आला नाही. चढ संपला तरी ते कान देऊन बसले होते. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मीही हलकी झाले.

मित्रांनो, मी काही फार शहाणी नाही. पण खडखड ऐकू आली तर तिच्यावर कापड टाकू नका. जाणत्या कानाला एकदा ऐकवा. पाच आठवडे मी उगीचच मेलेली होते.

मालकांनी गॅरेजच्या बाकावरच बहिणीला पोस्टकार्ड लिहिले: ‘रविवारी येतो, गाडीवरच. पुलापर्यंत जाऊ. मागे बसून बडबड मात्र कमी कर.’ टपालपेटीपाशी त्यांनी मला बंद केले नाही. पत्ता तीनदा वाचला, हात फटीत अर्धा घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. आणि माझ्या इंजिनाच्या संथ आवाजातही कार्ड तळाशी पडल्याचे मला ऐकू आले.