रुईची पाठराखण

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला, त्या सालची गोष्ट. अमरावतीच्या बाजारात अडत्याने थोरल्या भावाला, खुशालरावदादाला, सहज सांगितलं की ही रुई पार लंडनच्या मुलखात जाते. दादा घरी आला तो म्हणतच, "गोवर्धन, मी लंडनले चाललो."

"काहून?"

"लेक पहिल्यांदा सासरी जाते, तं संगं पाठराखीण धाडतो ना आपण? मंग एवढी जपलेली रुई एकटीच जाईल? तिचं काय करतात, कोन अंगावर घालते, पाहून येतो."

शेजारचे पुंजारामकाका हसले. "मिशीवाली पाठराखीण पयल्यांदाच पायली! अबे, कौंडण्यपूरच्या जत्रेत हरवला होता तू. तिथं कोन शोधील तुले?"

"तवा संगं रुई नोती, काका."

दादाचा बेत साधा होता. अकोल्यापर्यंत आपली बैलगाडी, तिथून व्यापाऱ्याच्या गाड्यांसोबत मुंबई, मग जहाज. रुई उतरेल तिथं आपण उतरायचं. वाट विचारायचं कामच नाही.

तो सगळा माघ आमच्या ओसरीवर लंडनच चाललं होतं. पार्बतावहिनी लाह्यांचं पीठ दळायची आणि मध्येच थांबायची. "तिथं म्हने ऊनच नसते. बाया सांडगे कशात वाळवत असतील?" मग त्यावर अर्धी संध्याकाळ जायची. आज दादा नाही, वहिनीही नाही. पण त्या ओसरीवर होतं तेवढं मोठं शहर मी पुढं कुठं पाहिलं नाही.

निघायच्या दिवशी वहिनीने रुईच्या बोज्यांना हळदकुंकू लावलं. दादासोबत मी अकोल्यापर्यंत गेलो.

अकोल्याला व्यापाऱ्याच्या आवारात घराएवढा ढीग होता. हमालांनी आमचे बोजे सोडले आणि त्या ढिगावर ओतले. लगेच वरून हिवरखेडची रुई पडली.

दादा धावला. "अरे, माह्यी वेगळी ठेवा!"

मुकादम म्हणाला, "पाटील, रुईवर काय नाव लिवलं असते? सगळी एकच. आता दाबून गठाणी बांधू."

दादाने ढिगात हात घातला. मूठभर काढायचा, बोटांत चोळायचा, परत टाकायचा. प्रत्येक मूठ त्याला आपलीच वाटे, आणि पुढच्या मुठीला आधीची परकी. उन्हं उतरली. तिकडं गठाणी गाडीवर चढू लागल्या.

"यातल्या कोनत्या गठाणीसंगं जाऊ, गोवर्धन?"

"कोनत्याबी संगं जा, दादा. लंडन तं येईनच."

"लंडन पाहायले थोडाच निघालो होतो मी?"

मी रिकाम्या गाडीला बैल जुंपले. मूर्तिजापूर येईपर्यंत दादा गाडीत पाठमोरा बसला होता, अकोल्याकडं तोंड करून.