चार बोटं उघडं दार

“बाबा, मोठ्यानं! फोन काय तुमच्या घशात उतरून ऐकणार आहे?”

बाबांनी घसा साफ केला, फोन तोंडाशी धरला आणि पुन्हा गुणगुणायला लागले. हूं हूं हूंऽऽ, मग एक लांबलचक उतार, मग खोकला. फोनवरचं निळं वर्तुळ गरगर फिरलं आणि त्यानं ठामपणे सांगितलं, की ही एका टूथपेस्टच्या जाहिरातीची धून आहे.

“खोकला धरला असणार त्यानं,” बाबा म्हणाले.

“तुम्ही सूर सोडून सगळं धरताय,” आई पलंगावरून म्हणाली. “ते असं नव्हतंच. खाली येतं ना, तिथं जरा थांबतं.”

“मग तू म्हणून दाखव.”

“मला येत असतं तर तुमची मनधरणी कशाला केली असती?”

परवा आईच्या कानाचं ऑपरेशन होतं. उजवा कान जाऊन बरीच वर्षं झाली. आता डाव्यात गाठ निघाली होती. गाठ काढली नाही तर पुढे जिवावर बेतेल आणि काढली तर ऐकू येणं जाईल, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आई म्हणाली, “जीव ठेवा. कानाचं काय एवढं!” घरी येऊन मात्र ती बराच वेळ बाथरूममध्ये नळ सोडून बसली होती.

मी दातांच्या दवाखान्यात येणाऱ्यांना वेळा देते. दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकून माझं काळीज निबर झालंय, असं मला वाटायचं. मी तिला विचारलं, “तोवर काय काय ऐकायचंय तुला?” मनात होतं, ती म्हणेल नातवंडांशी बोलायचंय, किंवा तू जवळ बस, बडबड कर. बडबडीत मला कुणी हरवू शकत नाही. तर बाईसाहेब म्हणाल्या, “आमची ती शेवटची लावशील का?”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पोटची पोर समोर बसलेली, आणि हिला धून ऐकायची!

‘आमची ती शेवटची’ म्हणजे काय, ते घरात आम्हाला पाठ होतं. फक्त तिचं नाव ठाऊक नव्हतं. बाबा एका मोठ्या वाद्यवृंदाच्या सभागृहात खुर्च्या मांडायचे. खुर्च्या, नोटेशनचे स्टँड, पियानो ढकलणं आणि रंगमंचाचं दार सांभाळणं. आई त्याच इमारतीत खाली, प्रेक्षकांचे कोट आणि छत्र्या ठेवून घ्यायच्या खिडकीत. दोघांनी उभी हयात तिथं काढली आणि एकदाही आत बसून काही ऐकलं नाही. कार्यक्रमाची पत्रिका तिकीटवाल्यांना मिळायची. ह्यांच्या वाट्याला ती झाडताना यायची, तीही बुटाखाली चुरगळलेली.

त्यातली एक रचना नेहमी कार्यक्रमाच्या शेवटी असायची. ती सुरू झाली की आईला थोडी उसंत मिळे. मग ती मागच्या जिन्यानं वर येऊन दाराशी बाबांजवळ उभी राही. तिथंच दोघांचं जमलं. पुढे लग्न झालं, आम्ही झालो, तरी ती जिना चढून जायचीच.

“त्यात काय वेगळं होतं, ते सांगा,” मी लॅपटॉप उघडत म्हटलं. “गुणगुणणं आता पुरे.”

“एक माणूस बाहेर असायचा,” बाबा म्हणाले. “सगळे आत, हा एकटा आमच्याजवळ. काळं, लांबट वाद्य. सनईच्या भावकीतलं. त्या माणसाला आम्ही लंबू म्हणायचो. दार चार बोटं उघडं ठेवायचं, म्हणजे त्याला फटीतून वादकांना इशारे देणारे काठीवाले साहेब दिसायचे.”

“आणि मध्ये लंबू उभा असताना तुमचं जमलं कसं?”

“लंबू वाजवताना डोळे मिटायचा,” आई म्हणाली आणि चक्क लाजली.

मी शोधायला बसले. मला वाटलं होतं, नेटवर काय, चुटकीसरशी मिळेल. मिळालं ना, ढिगानं मिळालं! ‘जगातले दहा महान संगीतकार’. ‘या संगीतकाराच्या प्रेमप्रकरणांबद्दल वाचून थक्क व्हाल’. एका पानावर तर चपलांची जाहिरात बाजूला सारता सारता माझा जीव मेटाकुटीला आला आणि खाली निघालं काय, तर संगीतकाराची जन्मतारीख आणि रास! कोण कुणाचा शिष्य, कोण कर्जबाजारी, कोण कशानं गेला. वाजवणारा माणूस कुठे उभा राहतो, हे मात्र कुणीच लिहिलेलं नाही.

एका पानावर बहिरेपणातही लिहीत राहिलेल्या संगीतकाराचं भलंमोठं चित्र आलं. मी घाईनं पान वर सरकवलं.

“मागे घे,” आई म्हणाली. ती कधी पाठीशी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. “मला माहीत आहे त्याचं. सगळ्यांना माहीत असतं. डॉक्टरांनीही तेच ऐकवलं.”

“मग? धीर येतो ना जरा?”

“अगं, त्याला लिहायचं होतं. मला कुठे काय लिहायचंय? मला ऐकायचंय.”

कपाळ! मी चहा टाकायला उठले.

परत आले तर बाबा लॅपटॉपला नाक लावून बसले होते. त्यांनी एका बोटानं टाइप केलं होतं, ‘वादक दाराबाहेर कुठे उभा करावा’. मी दिवसभर संगीतकारांची नावं धुंडाळत होते आणि ह्यांनी सरळ आपल्या कामाचा प्रश्न विचारला होता.

त्यातून एक राखाडी पान उघडलं. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, अक्षरं बारीक. कुठल्याशा वाद्यवृंदात नोटेशनची बाडं सांभाळून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी चालवलेलं. एकेक संगीतकार, त्याची एकेक रचना, आणि तिला कोणती वाद्यं, किती माणसं, कोण कुठे बसणार, मध्येच पियानो हलवावा लागतो का, हे सगळं. खाली त्यांचे शेरे. बाबा वाचत सुटले.

“हा बुवा भला. कुणाला उगाच उठवत नाही. हा मात्र छळवादी बघ! एवढे ढोल मागवतो आणि वाजवतो किती, तर एकदा. ह्याच्या वेळी माझी कंबर धरली होती.”

“बाबा, आपल्याला काय शोधायचंय?”

“थांब गं, शिस्तीनं जाऊ दे.”

शिस्तीनं जाता जाता ते एका शेऱ्यापाशी थांबले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला वाचायला लावलं. मी मोठ्यानं वाचलं: “ओबो वाजवणारा रंगमंचाबाहेर. दार किंचित उघडं ठेवावं. दार कोण धरणार, हे आधी ठरवा आणि त्या माणसाला खोकला नाही, याची खात्री करून घ्या.”

“हा माणूस आपल्यातला आहे,” बाबा हळूच म्हणाले.

ओबो म्हणजे लंबूचं ते काळं वाद्य. हीच ती रचना. संगीतकाराचं नाव मला अजूनही धड उच्चारता येत नाही; बाबांनी दोन प्रयत्न केले आणि सोडून दिलं. पण एकदा नाव मिळाल्यावर रेकॉर्डिंग मिळायला किती वेळ? मी चांगल्यातलं चांगलं निवडलं, शेजारच्यांकडून त्यांच्या मुलाचे मोठे हेडफोन मागून आणले, आईच्या डाव्या कानावर नीट बसवले आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत बसले.

तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

“हे नाही.”

“आई, हेच आहे!”

“असेल. आमचं नाही.”

माझा तोल गेला. “अगं, आज दिवसभर मी रजा टाकून डोळे फोडतेय! नाव तेच, वाद्य तेच, तो मेला लंबूसुद्धा बाहेर उभा आहे! अजून काय हवंय तुला?”

आईनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. ती रागावली नाही, हेच वाईट. “लंबू केवढा लांब गेलाय गं,” ती म्हणाली. “आणि बाकीचे सगळे अंगावर आलेत. आमचा लंबू इथं असायचा, कानापाशी. त्याचा श्वास ऐकू यायचा. बाकीचे आत. हे तिकीटवाल्यांचं आहे.”

मला रडू कोसळलं. ऑपरेशनच्या कागदांवर सही करताना आलं नव्हतं. सगळ्या जगानं ती रचना समोरून ऐकून ठेवली होती आणि माझ्या आईबापांनी ऐकलेली कुणीच कुठे ठेवली नव्हती.

बाबा उठले. त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली. त्या वयातही त्यांनी ती जमिनीला न घासता उचलली. खुर्ची ओढली की त्यांना अजून राग येतो. ती त्यांनी आतल्या खोलीच्या दाराबाहेर, बोळात मांडली. मग लॅपटॉप आणि स्पीकर आत नेला.

“आवाज पूर्ण वाढव,” ते मला म्हणाले. “पडदे ओढ. आणि बाहेर ये.”

“बाबा, खालचे लोक वर येतील.”

“येऊ देत. उभं राहून ऐकतील.”

त्यांनी आईला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. दार ओढलं आणि फटीत बोटं घालून पाहिली. चार. आतून वाद्यवृंद सुरू झाला तो भिंतीतून, दारातून, जाड आणि लांबचा. आईनं मान किंचित कलती केली.

“लंबूचं काय?” मी कुजबुजले.

“बघू,” बाबा म्हणाले आणि आईच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले. एक हात दाराच्या मुठीवर. आत वाद्यं थांबल्यासारखी झाली आणि बाबांनी ओठांचा चंबू करून शीळ घातली.

शीळ कसली, निम्मी हवाच होती. गुणगुणताना ज्यांना एक सूर धड लागत नव्हता, ते फटीकडे बघत, कधी सुरात तर कधी बाहेर, पण जिथं थांबायचं तिथं बरोबर थांबत होते. आतला लंबू लांबून वाजवत होता आणि हा इथं, कानापाशी. मध्ये श्वास घेताना बाबांच्या छातीत घरघर व्हायची. ती आईला नक्की ऐकू आली, कारण तिनं न बघता हात वर करून त्यांचा सदरा धरला.

“हां,” ती म्हणाली. “हे.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या बोळात मला जागा नव्हती, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी वाद्यं एकेक करून विझत गेली. क्षणभर काहीच नाही. मग टाळ्या, रेकॉर्डिंग खऱ्या कार्यक्रमातलं होतं. टाळ्या पडल्याबरोबर बाबांनी सवयीनं दार सताड उघडलं, काठीवाल्या साहेबांना बाहेर यायला. आणि आई ताडकन उठली. पदर खोचून ती दोन पावलं चाललीसुद्धा, जिन्याकडे.

“अगं, कुठे निघालीस?” बाबा म्हणाले.

“लोक येतील ना खाली, कोट...” ती थांबली. आमच्याकडे बघून ओशाळी हसली. मग मागे येऊन खुर्चीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“राहू दे उघडं,” ती म्हणाली.

आत टाळ्या चालूच होत्या. कमी व्हायच्या, पुन्हा वाढायच्या. कुणीतरी ओरडून दाद देत होतं. बाबा दार धरून उभे होते. आई डावा कान तिकडे करून बसली होती, आणि मला हात करून सांगत होती की बंद करू नकोस, करू नकोस.

बऱ्याच वेळानं सगळं शांत झालं.

“एवढा वेळ टाळ्या वाजवायचे होय लोक,” आई म्हणाली. “मी आपली पहिल्या टाळीलाच पळायचे.”